दाढदुखी आणि तंबाखूमुक्त शाळा

सोमवार, ५ ऑगस्ट १९९६. पहाटे ५
संकल्प: पंधरा ऑगस्टच्या आत शाळा तंबाखूमुक्त. देवळाली प्रवरात पीटीचा मास्तर म्हणून माझा दरारा आहेच. हेडमास्तरांनी तीनशे हँडबिलं छापून दिली. गेटसमोर कानिफनाथची पानटपरी, पुड्यांच्या माळा पोरांच्या डोक्याला लागतात. बघतोच त्याला.
माझी तंबाखू वेगळी. दाढ दुखते म्हणून. तीही पंधरापासून बंद.

मंगळवार, ६
टपरीला लाथ घातली. टपरी हलली, माझा अंगठा सुजला. कानिफनाथ म्हणतो, सर, सकाळचं पयलं गिऱ्हाईक तुमीच की! उद्धट लेकाचा. एक कानफटात दिली. त्याने दोन दिल्या. सामना बरोबरीत.

गुरुवार, ८
तंबाखू कंपनीची जीप गेटवर! सातवी-आठवीच्या पोरांना टोपी आणि पुडी फुकट. वाटणाऱ्याची कॉलर धरली. त्याने डोकं हाणलं, भुवई फुटली. पण मी पुड्यांचं पोतं सोडलं नाही. मग वर्गात दप्तरांची झडती, एकेकाला छडीने सोलून काढला. पोरांचा माझ्यावर जीव आहे. बोलत नाहीत एवढंच.

सोमवार, १२
जप्त मालाची होळी. हवा दमट, पेटता पेटेना. शिपाई भागूबाई म्हणाली, सर, घमेल्यात वता, मी बगते, तुमी पट्टी बदलून या. दवाखान्यातून आलो तर सगळं काळं ठिक्कर. पुढची विल्हेवाटही तीच लावणार. कामाची बाई.

मंगळवार, १३. दुपारी
प्रार्थनेला तीन मुली चक्कर येऊन पडल्या. एक माझीच पोरगी, प्रज्ञा. दात काळे! भागूबाईने भाजलेली तंबाखू कुटली, मिश्री केली, माझ्याच हँडबिलांत पुड्या बांधून मुलींना दिली, आयांना न्या म्हणून. मुलींनी आधी स्वतःच्याच दातांना लावली. जीपवाल्यापेक्षा जास्त आम्हीच वाटली. भागूबाई म्हणते, येवढा चांगला माल मातीत घालायचा व्हय? छडी उगारली. तिने खराट्याने झोडपलं. हेडमास्तर बघत उभे, सोडवायला आले नाहीत.

गुरुवार, १५
झेंडावंदनाला गेलो नाही.
काल प्रज्ञाला दरडावून विचारलं, का लावलीस? म्हणाली, पप्पा, माझी पण दाढ दुखत होती, तुमच्यासारखी. खोटारडी! म्हणून हात उगारला. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू होती. सगळी तिच्या डोळ्यांत गेली. काय किंचाळली पोर! भारतीने, बायको असून, मला भिंतीवर ढकललं, पोरीचे डोळे धुतले. डॉक्टर म्हणाले, डोळे वाचले, चार दिवस पट्टी.
आज सकाळी पट्टीआडूनच प्रज्ञाने विचारलं, पप्पा, तुमची दाढ दुखायची थांबली का?
हो म्हणालो. ती दाढ मी त्र्याण्णव सालीच नगरला उपटून घेतली आहे.