तिसरा आग्रह

४ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरील फरामर्जसाहेब — इराणच्या संसदेत दोनदा निवडून आलेले, बंद पाडलेल्या वृत्तपत्राचे संपादक, सुधारणावादी ग्रंथकार, कित्येक वर्षे जर्मनीत आमच्या एश्बॉर्न गावचे निवासी निर्वासित — आज आमच्या इमारतीच्या भाडेकरू समितीची निवडणूक सपशेल हरले! मुद्रा परमप्रसन्न. जर्मन शब्द पेरत म्हणाले, "हरलो, आणि कोणी पकडून नेलं नाही! आल्झो, ह्यासाठीच तर भांडलो!"

चहा विचारला. नकार. पुन्हा नकार. स्वयंपाकघरातून सुलेखा — "अहो, तिसऱ्यांदा विचारा! त्यांच्यात पहिले दोन नकार म्हणजे नुसती सभ्यता." विचारले. तीन कप प्याले. एकदाच विचारण्याच्या आमच्या पुणेरी शिष्टाचारापायी हा सद्गृहस्थ इतके दिवस तृषार्त बसत होता!

९ नोव्हेंबर

त्यांची कन्या लादन हिला तेहरानात अटक. तिथल्या सरकारचा निरोप असा, की बाप परतला तर मुलगी सुटेल.

अस्मादिकांची विनोदबुद्धी रजेवर.

१२ नोव्हेंबर

जिन्यात गाठून विनवले — जाऊ नका. छातीवर हात ठेवून म्हणाले, "नाही जाणार." विजयी मुद्रेने घरी आलो. सुलेखाचे कणीक मळणे थांबले. "पहिल्यांदाच म्हणालात ना?"

१४ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा वर गेलो. अर्धवट ग्रंथाची पाने मेजावर, पलंगावर उघडी बॅग. "तुम्हाला धरतील आणि तिलाही सोडणार नाहीत! तुम्हीच हे आयुष्यभर लिहीत आलात ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. नाही जाणार."

तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच कंपनीतून फोन — गिअरबॉक्सवर तातडीची बैठक! आम्ही भास्करपंत, यंत्रविद्याविशारद, 'उद्या सांगू' म्हणत जिना उतरलो.

१५ नोव्हेंबर

आमच्या पत्रपेटीत त्यांच्या घराची किल्ली. मोबाइल बंद. एस-बान लोकलने धावत विमानतळ गाठला. इस्तंबूलमार्गे तेहरानला जाणारे विमान सुटले होते. तिथल्या बाकावर बसून राहिलो.

१८ नोव्हेंबर

लादनचा फोन. अडीनडीसाठी बापानेच आमचा क्रमांक दिला होता. तेरा तारखेलाच सुटली म्हणे. लपतछपत, फोनशिवाय तुर्कस्तानात पोहोचली. "अंकल, बाबांचा फोन लागत नाही. त्यांना सांगा, मी सुखरूप आहे, तिकडे जाऊ नका. आधी नुसते हो म्हणतील — तीनदा सांगा."