ओल्या घोंगडीचा वास

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणजे हे पत्र पाठवायची सोय असती तरी तुम्ही ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं, आणि यातलं निम्मंअर्धं तिसऱ्यानं वाचावं असं नाही. तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं होतील. परवा धाकट्याचा फोन आला. शेताच्या बांधावरची तुमची समाधी त्यानं पक्की बांधून घेतलीय, वर पांढरी फरशी बसवलीय, आणि उद्या पूजा आहे. आपल्या घरात पहिला भंडारा थोरल्या लेकरानं उचलायचा, म्हणजे मी. "आक्का, सकाळच्या एसटीनं ये, तुझ्याबिगर सुरू व्हायचं नाय," एवढं बोलून त्यानं फोन ठेवलासुद्धा. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. भंडारा म्हणजे काय, चिमूटभर हळदच की. पण तुमच्यासमोर मी ती एकदाच उचलली होती, आणि कशासाठी ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी काय काम करते ते आधी सांगते. तुम्ही होता तोवर मी हॉटेलात जेवणाची टेबलं बघायची, आणि तुम्ही मात्र गावात लेक हापिसात हाय म्हणून सांगायचात. आता मी वाइन चाखते. तुमच्या भाषेत दारू, आणि मी त्यावर वाद घालणार नाही, द्राक्षाची झाली तरी दारूच ती. वेरूळ-अजिंठा बघायला आलेले लोक आमच्याकडं मुक्कामाला असतात. रविवारी दुपारी मी त्यांच्यापुढं चार-पाच पेले मांडते आणि कुठल्या मुलखाची द्राक्षं कशी लागतात ते दाखवते. नाशिकची, सोलापूरकडची, इटलीची, फ्रान्सची, पार आफ्रिकेच्या टोकाची. पेला तिरपा धरून पांढऱ्या कापडावर रंग बघायचा, मग फिरवून त्यात नाक घालायचं, मग घोट घेऊन तोंडभर घोळवायचा आणि वरून थोडी हवा आत ओढायची. त्याचा आवाज होतो, सभ्य माणसं आधी लाजतात. हे सगळं शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. पहिल्याच दिवशी मला हसू आवरेना. हे तर तुम्ही रोज दिवस कलताना करायचात, शेरडाच्या दुधाचं.

मी आठ-नऊ वर्षांची आहे. पैठणच्या अलीकडं, धरणाचं पाणी मागं सरलं की गाळाची जमीन उघडी पडते, तिच्या कडंला आपला मुक्काम आहे. आई चूल पेटवतेय, धाकटा तिच्या पाठीशी बांधलेला. तुम्ही उकिडवे बसून काळ्या शेळीची धार काढता आणि तांब्यातले चार थेंब डाव्या तळहातावर घेता. आधी वास, मग जीभ. डोळे मिटून सुर्रकन हवा आत ओढता. मग शेरडं राखून आलेल्या काकाला सांगता, की तू आज डोंगराकडं गेलाच नाहीस, दिवसभर कालव्याच्या बाभळीखाली झोपलास, यात निस्त्या शेंगा आहेत. काका मान खाली घालतो, कारण ते खरं असतं. निंबाचा पाला खाल्ला की दूध शेवटाला कडवट, कांद्याची पात खाल्ली की उग्र, गाळावरचं कोवळं गवत असलं की गोड आणि पातळ. माझ्या तळहातावर थेंब टाकून तुम्ही म्हणायचात, "लगेच गिळू नको. पण गिळल्याबिगर उठू बी नको. दुधाचं खरं शेवटी घशात कळतं."

एकदा तुम्ही मला विचारलंत, शेरडं आज कुठं गेली होती. आईला मी थोड्या वेळापूर्वी शेजारच्या पालावरच्या बाईशी बोलताना ऐकलं होतं, की आज काका डोंगराकडं गेलाय. मग काय, मी जीभ लावली न लावली आणि ठसक्यात सांगितलं, डोंगराकडचं. तुम्ही तांब्या पुन्हा नाकाशी नेलात. नंतर म्हणालात, "जिभेला इचारलंस का कानाला?" काकानं त्या दिवशी वाटेतच शेरडं एका कांद्याच्या वावरात घातली होती, आणि दुधाला पातीचा भपकारा येत होता. तो कुणालाही आला असता. मलाही आला होता, तरी मी ऐकलेलंच बोलले. तुम्ही रागावला नाहीत, पण मला दूध दिलं नाहीत. मी कोरडी भाकरी चावत रडले, आणि आईनं मधे पडायचा प्रयत्न केला तर तुम्ही तिला हातानंच थांबवलंत.

तुमच्या या वाक्यावरच मी दर रविवारी पोट भरते आहे. लोक वाइन चाखत नाहीत आबा, बाटली वाचतात. परदेशी नाव दिसलं की मान डोलावतात, नाशिक दिसलं की नाक मुरडतात. म्हणून मी इथल्या हिमरू कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्यात, गळ्यापर्यंत येणाऱ्या, आणि बाटल्या त्यात घालूनच टेबलावर आणते. कुणी बाटलीच्या आकारावरून अंदाज बांधायला लागला, की मी विचारते, साहेब, जिभेला विचारलंत का कानाला. माणसं हसतात. त्यांना वाटतं माझाच विनोद आहे.

आता शपथेचं. काकाला हातभट्टीनं नेलं ते माझ्या बारावीच्या वर्षी. कालव्याच्या कडंला सापडला, आणि तुम्ही त्याला खांद्यावर घालून आणलंत. त्यानंतर दोनच महिन्यांनी मी म्हटलं, मला शहरात हॉटेलचा कोर्स करायचाय. तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं, तिथं पोरींना दारू वाढायला लावतात. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही मला देवापुढं बसवलंत, माझ्या ओंजळीत बेलाचं पान आणि भंडारा ठेवलात आणि म्हणालात, "बोल. दारूचा एक घोट बी घशाखाली उतरू देनार नाय." मी बोलले. तुम्ही माझ्या कपाळाला हळद लावली आणि म्हणालात, मग जा. बस. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला तेव्हा तुमचा लई राग आला होता, की माझ्यावर विश्वास नाही म्हणून हे चाललंय. आता मला वाटतं, तुम्हाला मला पाठवायचंच होतं, फक्त स्वतःला पटवायला काहीतरी हवं होतं.

तो शब्द मी पाळला. कसा पाळला ते ऐका. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा मी आधी वाचून घेते, आणि मेडिकलवाला माझ्याकडं बघत बसतो. तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी हॉटेलनं वाइन शिकायला माणूस मागितला तेव्हा मी पुढं झाले नव्हते. पुण्याच्या सरांनीच सगळ्यांना तीन पेले हुंगायला दिले आणि कुठले दोन एकाच डोंगराचे ते विचारलं. मला ते नाकाजवळ नेताच कळलं. हे कुणी शिकवलं म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडं शेरडं होती. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. त्यांच्या कागदावर ब्लॅककरंट, गूसबेरी असली फळं होती, मी जन्मात न पाहिलेली, म्हणून मी आपली जांभूळ, कवठ, रायआवळा, तापल्या खडकावर पाण्याचा हबका असं लिहायची. आधी ते लाल शाईनं खोडायचे. नंतर खोडायचे थांबले, आणि एकदा तर कवठ कसं लागतं ते बघायला माझ्याबरोबर शहागंजच्या बाजारात आले. या धंद्यात घोट तोंडात घोळवून पिकदाणीत थुंकायचीच रीत आहे, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. घशाखाली जाणार नव्हतं. मग शिकायला काय हरकत होती? तुम्ही म्हणाला असता, तोंडात घेतलीस तेच काय कमी झालं गं माय. म्हणाला असता, मला ठाऊक आहे. पण शब्द घशाखालचा होता, आणि पंधरा वर्षं मी एक थेंब खाली उतरू दिला नाही. रोज पन्नास माणसं पिताना बघते, आणि मुकुंदवाडीच्या घरी कोरडी परत येते.

एक गोष्ट मात्र कायम सलायची. प्रत्येक वाइनचं मी तोंडभर सांगू शकायची, पण शेवट सांगताना पाठ केलेलं बोलायची. गिळल्यावर काय उरतं, किती वेळ उरतं, हे मी सरांच्या कागदावरून सांगते, हे मला माहीत होतं. म्हणजे बघा, तिथं मी कानालाच विचारत होते.

गेल्या थंडीत एका रविवारची गोष्ट. आठ पाहुणे होते, सकाळी लेणी बघून उन्हानं रापलेले. मी त्यांच्यापुढं एकाच जातीच्या द्राक्षाच्या दोन पांढऱ्या वाइन ठेवल्या, दोन्ही हिमरूत. एक नाशिकची, एक फ्रान्समधल्या एका थंड नदीकाठची, ती बाटली मीही पहिल्यांदाच उघडत होते. यातली आपली कुठली ते ओळखा, असा खेळ. पहिलीत पिकलेला पेरू होता, ऊन होतं, ती आपली हे मला झोपेतही कळलं असतं. दुसऱ्या पेल्यात मी नाक घातलं आणि आबा, तिथं तुमची घोंगडी होती. ओली. अवकाळीत भिजलेली, तुम्ही चुलीशेजारी दोन दगडांवर पसरून ठेवलेली, आणि ती सुकायच्या आतच मी तिच्यात शिरलेली. लोकरीचा तो उबट वास, त्यात थोडा धूर. कागदावर असल्या वाइनच्या पुढं ओली लोकर असं लिहिलेलंच असतं, मी ते शंभर वेळा वाचलं होतं, आणि वाचून काही झालं नव्हतं. तुमची घोंगडी तुमच्याबरोबरच मातीत दिली होती आम्ही, त्यामुळं तो वास मला इतक्या वर्षांत कुठं आलाच नव्हता. मी घोट घेतला. तोंडात घोळवला. आणि थुंकायचं विसरले. घोट खाली गेला. टेबलावर वाढायला असलेला हॉटेलातला मुलगा माझ्याकडं बघत राहिला, मी कधी गिळत नाही हे त्याला ठाऊक आहे. एका बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं ठसका लागला, आणि पुढचा पेला उचलला. त्या मुलालाही नंतर हेच सांगितलं, की चुकून गेला, लक्ष नव्हतं.

आता शनिवारची दुपार आहे. जेवणाची गर्दी ओसरलीय, हॉलमधे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतोय, आणि मी बाटल्यांच्या खोलीत स्टुलावर बसून हे लिहितेय. हे पत्र घडी घालून उद्या फरशीखाली सरकवावं असं सुरुवातीला मनात होतं, गवंड्यानं एक कोपरा अजून मोकळा ठेवलाय म्हणे. पण धाकटा ते काढून वाचल्याशिवाय राहायचा नाही, त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आणि दुसरं म्हणजे, चुकून झालं असेल तर भंडारा उचलायला काही अडचण नाही, देव एवढा कडक नसतो, असं मी दोन दिवस स्वतःला समजावत होते. इथवर लिहिलं आणि ते लिहिलेलं वाचलं, तर त्यात एक ओळ खोटी आहे. ती खोडत नाही, राहू द्या. हे पत्र माझ्या चाखण्याच्या वहीतच राहील.

मी विसरले नव्हते, आबा. पिकदाणी माझ्या डाव्या हातात होती, तोंडापाशी आणलेली. मला शेवट बघायचा होता. तुम्हीच शिकवलं होतं तो कुठं कळतो ते, आणि ज्या वाइनला तुमचा वास होता तिचा शेवट दुसऱ्याच्या कागदावरून सांगायचा नव्हता मला. म्हणून उद्या ताट मी धाकट्याच्या हातात देईन, पहिला भंडारा तो उचलेल, आणि का म्हणून त्यानं विचारलं तर खरं ते सांगेन, सगळ्यांदेखत. तो चिडेल. चिडू दे.

शेवट कडवट होता, आबा. जरासाच, आणि बराच वेळ टिकणारा. निंबाच्या दिवसांतल्या दुधाचा असायचा तसा. जिभेला विचारून सांगतेय.