टाळी वाजवायची मुभा

३ मार्च
झालं! कमिटीचा निकाल लागला. मशिदीच्या वार्षिक जलशात कुरआन पाठ केलेली तिन्ही मुलं स्टेजवर वाचून दाखवणार. आणि माझी लेक टिटवी, जिचं त्या तिघांच्या आधी पाठ झालं, ती पडद्यामागे बसून बक्षीस घेणार. वाचणार नाही. समोर पुरुष असतात ना! बाराव्या वर्षी मुलीचा आवाज बदलतो म्हणे. आवाज कसला बदलतोय, कमिटीचे कान बदलतात.

आणि निकाल दिला कोणी? आमच्याच अब्बांनी! मशिदीचे इमाम, टिटवीचे सख्खे नाना, आजोबाच. तिला शिकवलंही त्यांनीच. ज्याने शिकवलं त्याने जलशात समोर बसून ऐकायचं, चुकलं तर टोकायचं, ही इथली रीत. मुलांचे उस्ताद वेगळे, ते आनंदाने बसतील. नवरा जहाजावर, म्हणून आम्ही दोघी अब्बांच्याच घरात राहतो. म्हणजे निकाल ऐकायला कुठे जावंही लागलं नाही. घरपोच मिळाला.

४ मार्च
अब्बांशी अबोला. त्यांच्या अजून लक्षात आलेला नाही.

६ मार्च
आज ड्युटीवर असताना कमिटीचे सेक्रेटरी आले. तेच, चष्म्याच्या दुकानाचे मालक. बसस्टँडवर मी गाड्या पुकारते, त्या खोलीच्या काचेवर टकटक केली. म्हणे, बाई, आमची गाडी लागली की जरा दोनदा पुकारा, गर्दीत ऐकू येत नाही. पुकारली. चांगली खणखणीत!

दिवसभर मी गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या कानात ओरडत असते. फलाट तीनवर या, सामान सांभाळा, दारात उभे राहू नका. तेव्हा कोणाचं इमान डळमळत नाही. डळमळलं तर गाडी चुकेल! अल्लाहचे शब्द तेवढे मी घरात म्हणायचे, दार लावून.

टिटवीला सांगितलं तर पोट धरून हसली. म्हणाली, "अम्मी, मग मला स्टँडवरच वाचू दे." मग पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. त्या पांघरुणाने माझं डोकं जास्त फिरलं.

९ मार्च
अब्बांच्याच कपाटातून किताबा काढल्या. एकीत लिहिलंय, बाईचा आवाज मुळात झाकायची गोष्टच नाही, लाडीगोडी लावून बोलणं तेवढं मना. दुसरीत, बोलायला हरकत नाही, पण सूर लावून वाचणं परक्या पुरुषांसमोर नको. तिसरीत, गरज पडली, शिकायचं-शिकवायचं असलं, तर चालेल. तिघेही लिहिणारे माझ्यापेक्षा शहाणे. आणि तिघांनीही शेवटी लिहिलंय, खरं काय ते अल्लाह जाणे. आमच्या सेक्रेटरींना मात्र सगळं आधीच कळलेलं आहे.

अबोला मोडून तिन्ही किताबा अब्बांसमोर ठेवल्या. वाटलं, आता जुंपणार. पूर्वी कुरआनातल्या एकेका आयतीवर, एकेका ओळीवर तासभर भांडायचे माझ्याशी. मलाही त्यांनीच पाठ करून घेतलं — चुकले की काठीने पायरी वाजवायचे. आज किताब उघडलीसुद्धा नाही. "राहू दे ना," एवढंच म्हणाले.

आणखी एक. टिटवीचा सबकही, रोजचा पाठ, त्यांनी थंडीपासून ऐकणं सोडलंय. मुलगी मोठी झाली म्हणे! अरे, सख्खा आजोबा! सख्ख्या आजोबापासून आवाज लपवा, असं कुठल्याच किताबात नाही, तिन्ही चाळल्या. तेव्हापासून मीच ऐकते, भांडी घासता घासता.

१० मार्च
टिटवीने जलशासाठी शिवलेला कुडता घडी करून कपाटात तळाशी ठेवला.  

१२ मार्च
मगरिबची, दिवस मावळतानाची नमाज. आम्ही बायका वर, पडद्यामागे. खाली अब्बा वाचत होते, कुरआनातली त्यांची नेहमीची सूरा. मध्येच थांबले. मागची आयत पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच थांबले.

इमाम अडला की मागच्याने पुढचा शब्द द्यायचा असतो. पुरुषाने. बायकांनी शब्द काढायचा नाही, हातावर हात मारायचा. तेवढी मुभा आहे. मी टाळी वाजवली. वा! अब्बांना कळलं की अडलंय. ते त्यांना आधीच कळलं होतं! पुढे काय, ते टाळी कुठून सांगणार? शेजारून टिटवीनेही वाजवली. खाली पहिल्या रांगेत सेक्रेटरी, आजूबाजूला अख्खी कमिटी, आणि पाठ एकालाही नाही, सगळ्यांची तोंडं शिवलेली. शब्द माझ्या जिभेवर होता. टिटवीच्याही. आणि आम्ही दोघी वर हातावर हात मारत उभ्या.

अब्बांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली.  मग ती सूराच सोडली, सगळ्यांत छोटी घेतली आणि नमाज पूर्ण केली.

जिना उतरताना ऐकलं, सेक्रेटरी सांगत होते, बायकांनी टाळ्या पिटून इमामसाहेबांचं लक्ष उडवलं. एरवी यावर मी पानभर लिहिलं असतं. आज हसू येत नाही. अब्बा चप्पल शोधत होते, आणि ती त्यांच्या समोरच होती.

१३ मार्च
सकाळची नमाज पढवून अब्बा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. टिटवी सबक म्हणत होती, त्यांना बघून गप्प झाली.

"थांबू नकोस," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ती मोठी झाली म्हणून नव्हतं सोडलं. ती चुकली तर मला आता कळत नाही. जलशात समोर बसून काय ऐकणार होतो मी?"

 ते आत आले आणि टिटवीच्या समोर, शिकणारा बसतो तिथे, खाली बसले.

"जलशात तूच वाच. पण आधी माझ्याकडून कालची सूरा पाठ करून घे. आणि मी अडलो तर टाळी नको वाजवूस, बेटा. शब्द सांग."