पॉइंट क्रमांक चार

४ मार्च, सोमवार
आज कामावर मार खाल्ला. नेमकं लिहायचं तर एक थप्पड, एक बुक्की, आणि कॉलर धरून दोनदा खिडकीवर आपटणं. आपटणारा खाणीच्या ट्रकचा ड्रायव्हर. त्याला आम्ही सगळे गेंडा म्हणतो, अर्थात तो फाटकाबाहेर गेल्यावर.
मी खाणीच्या फाटकावर वजनकाट्याचा कारकून. काट्यावर गाडी वीस टन भरली. मर्यादा सोळा. मी स्लिपवर वीस लिहिलं. गेंडा म्हणाला, सोळा लिही. मी नियम सांगितला. पोटनियम सांगायच्या आत काच फुटली, माझ्या कपाळाने. मग सोळा लिहून सही केली.
मार विसरेन, सही विसरता येत नाही. फाटकापुढे तीव्र उतार आहे, जादा भरलेल्या गाडीचे ब्रेक तिथे लागतीलच असं नाही, आणि उताराच्या तळाशी बसस्टॉप. बायको रोज सकाळी तिथेच उभी असते. गाडी उतरत होती तेव्हा मी डोळे मिटले होते. हे लिहायलाच हवं, म्हणून लिहिलं.
कपाळाला चार टाके.

७ मार्च
टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मर्मबिंदूंचा क्लास सापडला. सहा आठवडे, सहा पॉइंट. मास्तर किरकोळ अंगाचे, फुंकर मारली तर उडतील असे. त्यांनी मानेला दोन बोटं लावली आणि नव्वद किलोचा शिष्य धाडकन आडवा झाला. म्हणाले, इथे ताकद नको, अक्कल हवी.
मी बी.एस्सी. आहे. नाव नोंदवलं.

११ मार्च
आज मास्तरांनी मला पाडलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर बोटं टेकायच्या जरा आधीच पडलो. बाकीचे सगळे पडले होते. वडीलधाऱ्या माणसासमोर एकट्याने उभं राहणं बरं दिसेना.
मग हा पुरावा धरावा का? बराच विचार केला. शरीराला आघाताची चाहूल आधीच लागली असावी. धरला.

१७ मार्च, रविवार
मेहुण्यावर पॉइंट एक. कानामागे. तो टीव्ही बघत होता. म्हणाला, काय भाऊजी, डास बसलाय का? जोर वाढवला. त्याचं कोपर माझ्या नाकावर आलं. रक्त शर्टावर, सोफ्यावर, रिमोटवर. बायको म्हणाली, डाग तुम्हीच काढायचे.
मास्तरांना कळवलं. त्यांच्या मते काहींवर परिणाम उशिरा होतो, कधी दोन दिवसांनी.

१९ मार्च
मेहुण्याला फोन. त्याला सर्दी झाली आहे! नोंद घेतली.

२६ मार्च
पॉइंट चार, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. मास्तर म्हणतात, इथे नीट दाब बसला तर पैलवानही आईला हाक मारतो. बायकोवर प्रयोग. ती भांडी घासत होती. हात साबणाचा, माझी बोटं सटकली. तिने हात झटकला, पातेलं माझ्या गुडघ्यावर. आईला हाक मीच मारली. ती म्हणाली, अहो, त्या मेल्याला हात लावायची हिंमत नाही आणि घरातल्यांना कसले चिमटे काढताय?
चिमटा आणि पॉइंट यांतला फरक समजावला. पातेलं तिच्या हातातच होतं, म्हणून थोडक्यात.

१ एप्रिल
हिशोब: प्रयोग अकरा, यश शून्य (सर्दी धरली तर एक). मला झालेल्या जखमा सात. निष्कर्ष काढण्याची घाई नको. हे सगळे माझे नातेवाईक, त्यांच्याशी माझं वैर कुठे आहे? मास्तरही म्हणाले, पॉइंट शत्रूवरच उघडतो. हे आधी सांगितलं असतं तर नाक वाचलं असतं.

५ एप्रिल
वॉचमनला विश्वासात घेतलं. त्याने चाकाचा पाना काढून टेबलाखाली ठेवला. म्हणाला, साहेब, हा असू द्या. मी म्हणालो, पान्याला अक्कल लागत नाही. तो म्हणाला, म्हणूनच तर देतोय.
पाना परत केला.

१५ एप्रिल
क्लास संपला. परीक्षेत माझ्या बोटांनी तीन जण पडले. चौथा मी त्याच्याकडे वळण्याआधीच पडला. सर्टिफिकेट मिळालं. भिंतीला खिळा ठोकताना अंगठ्यावर हातोडी. डाव्या. किरकोळ.

१८ एप्रिल, सकाळी ६.४०
आज गेंड्याची पाळी. नखं कापली. आज वीस म्हणजे वीसच लिहायचं. बायकोला म्हणालो, आज निर्धास्तपणे बसस्टॉपवर उभी राहा. तिने माझ्याकडे बघितलं आणि डब्यासोबत मलमपट्टीची डबी दिली.

दुपारी १.००, इस्पितळ
डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर क्षम्य.
काट्यावर वीस टन चारशे. मी वीस चारशे लिहिलं. गेंडा आत आला. पॉइंट एक दाबला: तो हसला, म्हणाला, गुदगुल्या होतात रे. पॉइंट दोन: हसायचा थांबला. पॉइंट तीनसाठी वाकलो तेव्हा त्याचा गुडघा माझ्या हनुवटीला लागला, दोन दात गेले. मग खुर्ची, मग मी, मग माझ्या अंगावर पुन्हा खुर्ची. शेवटी त्याने माझा उजवा हात कपाटाच्या दारात धरून दार लावलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. आवाज मी स्वतः ऐकला.
पण सही झाली नाही! गाडी अजून काट्यावरच उभी आहे. मी सही केली नाही की करता आली नाही, हा प्रश्न मनाला विचारला. मन म्हणालं, आज राहू दे.

दुपारी ४.३०
मॅनेजरसाहेब भेटायला आले. मला वाटलं, पाठ थोपटतील. म्हणाले, मागे सात गाड्या खोळंबल्यात. त्यांनी सोळा टनांची नवी स्लिप काढली. मी म्हणालो, साहेब, डाव्या हाताची सही नियमात बसत नाही. ते म्हणाले, अंगठा बसतो. नियमाचं पानच सोबत आणलं होतं, आणि शाईचा पॅडही.
मी तीव्र विरोध केला, मनात. त्यांनी माझा डावा हात धरला आणि अंगठा सपाट करायला बेचक्यात नेमका दाब दिला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आई गं, असं मी ओरडलो. साहेब म्हणाले, झालं, झालं.

सायंकाळी ६.००
बायकोला निष्कर्ष सांगितला: पॉइंट चार शंभर टक्के काम करतो.
तिने माझ्या अंगठ्यावरची शाई ओल्या फडक्याने पुसली. पुसून झाल्यावर म्हणाली, उद्यापासून मी वरच्या स्टॉपवर उभी राहते.