शुक्रवारी कोणाचा किताब घ्यायचा

बगदादेत खलिफांच्या दफ्तरात शाई घोटणारे माझे थोरले मेहुणे हिलाल यांना दजला नदीकाठच्या जाबिरचा सलाम. तुमचा दमा कसा आहे? तुमच्या बहिणीचे दात पडले, जीभ ठणठणीत आहे.

आमच्या अमिराला त्याच्या धाकट्या भावाने हाकललं. थोरला आता टेकडीवरच्या किल्ल्यात (धूर दिसतो तो त्याच्याच चुलीचा) आणि धाकटा खाली महालात. मशिदीचे खतीब पोटदुखीचं निमित्त करून लेकीकडे गेले आणि शुक्रवारचं प्रवचन माझ्या, साध्या बांग देणाऱ्याच्या, गळ्यात पडलं. त्यात अमिराचं नाव किताबासकट घ्यावंच लागतं. थोरला हुसामुद्दौला, म्हणजे राज्याची तलवार. त्याचं नाव घेतलं तर धाकटा जीभ छाटेल. नाही घेतलं आणि थोरला परतला, तर तो मान छाटेल. धाकट्याला खलिफांनी अजून किताबच दिलेला नाही. नुसतं ‘मुहन्ना’ म्हणावं तर गाढव हाकल्यासारखं वाटतं. पदरचा किताब जोडावा तर खलिफांचा अपमान.

परवा धाकट्याचा शिपाई आला. “म्हातारबा, काय म्हणणार आहेस?”

“तुम्ही सांगाल ते.”

“आम्हाला ठाऊक असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?”

मी आपला विचार करत बसतो. थोरला लहानपणी नदीत डुंबायचा, तेव्हा आई नुसतं ‘शिबल’ म्हणाली की धावत यायचा. आता अख्खा किताब घेतल्याशिवाय मान वळत नाही. पूर्वीच्या राजांना नाव पुरायचं आणि राज्य समुद्रापर्यंत असायचं म्हणे. आता राज्य ओढ्यापाशी संपतं, किताब मात्र मशिदीत मावत नाही. तुमची बहीण म्हणते, “म्हणून तर मोठ्याने सांगावं लागतं. सूर्य उगवला हे कोणी ओरडून सांगतं का?” ती शिकलेली नाही (मीही अर्धाच), पण हे बाहेर बोलू नकोस, असं मी तिला बजावलं.

तरी धाकट्यासाठी दफ्तरात कोणता किताब लिहिला जातोय, तेवढं शुक्रवारच्या आत कळवा.

आपला,
जाबिर बिन सालिम

ता. क. घाई नको. आत्ताच बगदादेचा स्वार आला. खलिफांनी दोघा भावांना एकच नवा किताब दिलाय: सनदुद्दौला, राज्याचा आधार. शुक्रवारी नाव गाळून नुसता किताब घेईन. दोघांचीही माणसं आमीन म्हणतील.

आणखी एक. हे फार दिवस चालायचं नाही. तुमच्या शाईतून इतके किताब उतरतात, त्यात माझ्यासाठी एक बसेल का? ‘मिनाराचा आधार’ वगैरे चालेल. किताबवाल्याला शिक्षा सुनावताना आधी सगळा किताब वाचावा लागतो, असं ऐकतो. जरा लांबलचकच बघा. मला हल्ली पळायला वेळ लागतो.