यकम आजूरच्या दोन तारखा

मी, मनकर्णा काकासाहेब औताडे, वय एकाहत्तर, निवृत्त मराठी शिक्षिका, अविवाहित, राहणार छावणी, औरंगाबाद, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसावी. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगायला घरात कोणी नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. दोन खोल्यांचं राहतं घर मी माझ्या पगारातून घेतलेलं आहे. ते माझा भाचा आप्पासाहेब, राहणार शेंद्रा, याला मिळावं. अंगणातल्या भट्टीला तो मावशीचा उकिरडा म्हणतो. तरीही मिळावं. मात्र माझ्यामागे येणारी पहिली सात ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याने दाराला कुलूप लावू नये. कारण कलम चारमध्ये आहे.

२. बँकेतली शिल्लक आणि पुस्तकं माझ्या शाळेच्या वाचनालयाला द्यावीत. जी पुस्तकं लोकांनी वाचायला नेली आणि परत आणली नाहीत, ती त्यांच्याकडेच राहू द्यावीत. त्यांची नावं मला पाठ आहेत, एवढं त्यांना कळवावं.

३. भट्टी बन्सी गवंड्याने बांधली. रविवारी गल्लीतल्या बाया आपापली कणीक मळून आणायच्या. मी डबलरोटी भाजायची, त्या बसून बोलायच्या. कोणाची कोणती ते ओळखायला प्रत्येकीची खूण असे. सरूबाई अंगठा दाबायच्या. पुढे गल्लीत गॅस आला, मग दुकानात पाकिटं आली. आता भट्टी वर्षातून दोनदा पेटते. साचे आणि लांब दांड्याचं लाकडी फावडं मागेल तिला द्यावं. सरूबाई साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणाले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मला काय बी नको, बाई. तुमच्या डबलरोटीनं पडलेले दात तेवढे वापस द्या."

४. खमीर. डबलरोटी फुगवणारं आंबवलेलं पीठ, चिनी मातीच्या बरणीत आहे. ते माझं नाही.

१९४८ च्या पोलिस ॲक्शननंतर माझी मैत्रीण जमिला हिच्या वडिलांची बेकरी बंद राहिली. ते कुठे होते हे आम्ही विचारलं नाही. जाताना त्यांनी खमिराचं मडकं माझ्या आईकडे ठेवलं आणि म्हणाले, "अमानत है, भाभी." आई अठरा दिवस त्याला रोज मूठभर पीठ घालत होती. ते आले, मडकं घेऊन गेले. ओंजळभर खमीर आमच्याकडे राहिलं. त्यांनी मागितलं नाही. पुढे त्यांच्याच बेकरीत मी आणि जमिला डबलरोटी करायला शिकलो. तिसरी सगीरा. ती फक्त खायची.

१९६१ साली जमिला लग्न होऊन हैदराबादला गेली. निघताना ठरलं, दरवर्षी यकम आजूरला माझ्याकडे जमायचं. यकम म्हणजे पहिली. आजूर हा निजामाच्या फसली वर्षाचा पहिला महिना. सरकारने ती कालगणना सोडून दिली होती, म्हणूनच आम्ही ती धरली. ती तारीख फक्त आमची राहणार होती.

पुढच्या वर्षी मी वडिलांची वही काढली. तिच्यात यकम आजूर सहा ऑक्टोबरला होती. जमिलाच्या वडिलांच्या वहीत ती एक ऑक्टोबरला होती. जमिला एक तारखेला आली. मी वर्गाची सहल घेऊन दौलताबादला गेले होते, सगीरा बाळंतपणाला परभणीला. जमिला दिवसभर माझ्या पायरीवर बसली आणि परत गेली. सहा तारखेला मी तीन डबलरोट्या भाजल्या. कोणी आलं नाही.

तिचं पत्र आलं. उर्दू शाळेत शिकलेल्या जमिलाने माझ्यासाठी पहिल्यांदा मराठीत लिहिलं होतं. मी तारखेवर लाल शाईने काट मारली, सहा लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि पत्र परत पाठवलं. तिचं कार्ड आलं. "बाई, नापास केलंत. बरं." त्याआधी ती मला मनू म्हणायची.

सगीराचे भाऊ गयासभाई तहसील कचेरीच्या दफ्तरात होते. त्यांनी दोन्ही वह्या पाहिल्या. म्हणाले, मध्ये हिशेब बदलला होता. एक वही आधीची, एक नंतरची, दोन्ही खऱ्या. सगीरा म्हणाली, "तारीख जाऊ दे गं. लाल शाई कशाला वापरलीस?"

सगीरा पुढे दरवर्षी यायची, दोन्ही दिवशी, आणि दोन्ही दिवशी जमिलाच्या वाटणीचीही खायची. १९९१ साली ती गेली. त्यानंतरही मी एक आणि सहा तारखेला भाजते. मी जमिलाला पत्र लिहिलं नाही. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेली. स्वतःची कशी करतात ते मला आलं नाही.

जमिला हयात आहे, असं गयासभाई सांगतात. बरणी त्यांनी स्वतः हैदराबादला न्यावी. वाटेत एकदा पीठ घालावं. ही अमानत परत केली आहे असं सांगावं, आणि हे कलम तिला वाचून दाखवावं. यात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर तिने दुरुस्त कराव्यात. शाई कोणतीही चालेल.

ती यायची म्हणाली तर कोणत्या तारखेला ते विचारू नये. दार उघडं असेल.

५. मृत्युपत्राची अंमलबजावणी आप्पासाहेबाने करावी. बरणी मात्र त्याच्या हाती देऊ नये.

वरील मजकूर मी वाचला. तो माझाच आहे.

सही: मनकर्णा काकासाहेब औताडे

आमच्यादेखत सही झाली:
१. सरूबाई पुंजाराम दांडगे (डाव्या हाताचा अंगठा)
२. गयास मोहियोद्दीन

ठिकाण: छावणी, औरंगाबाद
दिनांक: २९ सप्टेंबर २००६. यकम आजूर परवा.