अर्ध्या फीची खाट

आत्याबाई, तुमच्या लेकाला सोमवारी नांदेडला नेऊन ठेवायचंय. घरात ठेवणं आता माझ्याच्यानं होत नाही. तोंडावर मी त्यांना उभ्या जन्मात अरेतुरे केलं नाही, पण तुमच्यापुढं ते तुमचं लेकरू, म्हणून इथं 'तो' लिहिते. राग येऊ देऊ नका. तसं तुम्हाला राग यायला काही लागत नव्हतं म्हणा. तुम्ही जाऊन चोवीस वर्षं झाली. चौथी शिकलेल्या सुनेनं सासूला कागद लिहावा, असं तुमच्या हयातीत घडलं नाही. आज घडतंय, कारण जिवंत माणसांत हे सांगायला कोणी नाही.

सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. तिथल्या बाईनं सांगितलंय, प्रत्येक कपड्यावर नाव घालून आणा, नाहीतर धुण्यात अदलाबदल होते. म्हणून त्याच्या सदऱ्यांच्या कॉलरीत लाल दोऱ्यानं नाव शिवत बसलेय. मधेच सुई ठेवते, उठते, दाराची कडी बघते, परत बसते. तो समोर खुर्चीत बसून विचारतो, "बाई, तुम्ही शिवणकाम करता का?" "हाव, करते." "सदऱ्याला किती घेता?" मी म्हणते, "तुमच्याकडून काय घ्यायचं, तुम्ही घरचेच." त्यावर खूश. म्हणतो, "हात लई चांगला हाय तुमचा." पन्नास वर्षांत माझ्या हाताला कधी चांगलं म्हणाला नाही. आता म्हणाला, तेही परक्या बाईला.

सुरुवात मोंढ्यात झाली. मापाड्याचं, धान्याची पोती मोजायचं काम सोडून दहा वर्षं झाली तरी तो रोज अहमदपूरच्या मोंढ्यात जाऊन बसायचा, चहा पिऊन यायचा. एक दिवस उठला आणि एका अडत्याच्या दुकानातला लाईटीचा काटा बंद करून टाकला. म्हणाला, हे माप खोटं हाय, माझा तराजू आणा. अडत्या नवीन पोरगा, तो ओरडला. ह्यानं त्याची कॉलर धरली. हमालांनी दोन्ही बाजूंनी धरून घरी आणला. मी हमालांना चहा दिला आणि त्याला शिव्या. मला वाटलं, म्हातारपणाची मस्ती आहे. मग गॅस चालू राहायला लागला. मग जळकोटच्या रस्त्याला चार मैलांवर सापडला, पायात चप्पल नाही. लातूरच्या डॉक्टरनं एक्स-रेसारखं कायतरी मोठं काढून बघितलं आणि रोगाचं नाव सांगितलं, डिमेन्शिया. मला ते नाव म्हणता येतं. म्हणता येऊन काय उपयोग?

तुमच्या वेळी ते नाव नव्हतं. 'म्हातारी चळली' एवढंच होतं. तुम्ही चुलीत पायतान घातलं, शेजारणीच्या दारात जाऊन तिला तुमच्या जावेच्या नावानं शिव्या दिल्या, आणि मी खुरपायला जाताना तुम्हाला जुन्या लुगड्यानं बाजेला बांधून जायची. गाठ सैल घालायची, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायची. घालायची ती गाठच, आत्याबाई. तुम्ही ओरडायचात, "कोणाची गं तू रांड, मला बांधतेस!" मी म्हणायची, "तुमच्या लेकाची," आणि निघून जायची. माफी मागत नाही. वावर वाट बघत नव्हतं. पण तुमचा लेक तुमच्या दुप्पट वजनाचा. दिवाळीनंतर मला चोर समजून त्यानं ढकललं, मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. त्याला कोण बांधणार, आणि कशानं?

माझा लेक नांदेडला रेल्वेच्या कचेरीत आहे, दोन खोल्या, दोन पोरी. बापाला महिनाभर घेऊन गेला. बाप दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरून ऑटोत बसायचा आणि मोंढ्यात सोड म्हणायचा. महिन्यानं दोघंही बेजार होऊन परत आले. मग आम्ही जागा बघायला लागलो. लातूरला एक वृद्धाश्रम बघितला. अंगणात तुळस, भिंतीवर चांगले चांगले विचार लिहिलेले. तिथला माणूस म्हणाला, "आजी, आम्ही चालते-फिरते, आपलं आपण करणारे घेतो. विसरणारे घेत नाही." मी म्हटलं, "आपलं आपण करणारा असता तर तुमच्याकडं कशाला आणला असता?" लेकानं माझा पदर ओढला. दुसरी जागा नांदेडची. खोलीला एसी, दाराला नंबरचं कुलूप, निळ्या कपड्यातल्या पोरी. महिन्याला अठ्ठावीस हजार, डायपर वेगळे. आम्ही पाणी पिऊन उठलो. जिन्यात लेक म्हणाला, "माय, जळकोटकडचं वावर विकायला काढू."

ते वावर कोणतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या बापानं तुम्हाला चोळीबांगडीला दिलेलं, दोन एकर. तुमचं डोकं ठिकाणावर होतं तोवर तुम्ही तलाठ्याकडं जाऊन ते लेकाच्या नाही, माझ्या नावावर केलं. मला वाटलं सासूला माया आली. तर घरी येऊन म्हणालात, "माया-बिया काही न्हाई. माझा लेक मापात खरा, व्यवहारात खुळा. कोणी गोड बोललं की अंगठा देईल. तू खाष्ट हायेस, तुझ्याकडून कोणी घेणार न्हाई." तुम्ही मला दिलेली तेवढी एकच चीज, आणि तीही शिवी देऊन. मी लेकाला सांगितलं, वावर निघणार नाही. तो म्हणाला, "मग बाबाचं काय करायचं ते तू सांग."

मग कोणीतरी तिसरी जागा सांगितली. नांदेडच्या बाहेर, एका ट्रस्टची. साधी इमारत, फिनाईलचा वास, पण अंगणाला उंच भिंत आणि माणसं बोलायला बरी. तिथं दोन खाटा अर्ध्या फीच्या. नियम असा की, ज्यांचं डोकं अगदीच गेलंय त्यांनाच त्या मिळतात. प्रश्न विचारतात, वीस मार्क. दहाच्या खाली आलं तर खाट, दहा मिळाले तर पूर्ण फी. अर्धी फी लेकाच्या पगारातून आणि वावर ठोक्यानं कसायला दिलंय त्याच्या पैशातून कशीबशी निघणार होती. पूर्ण निघणार नव्हती.

गेल्या बुधवारी प्रश्न विचारले. लेक बाहेर फोनवर होता, त्याचा साहेब ओरडत होता. आत मी, तो, आणि तिथली प्रश्न विचारणारी बाई. तरुण, पुण्याकडची, नोकरीला नवीन. वार विचारला, चुकला. पोराचं नाव विचारलं, भावाचं सांगितलं. गावाचं नाव बरोबर सांगितलं, तराजूचं चित्र बघून तर हसलाच. ती मार्क मांडत होती आणि मी उलट्या बाजूनं वाचत होते. नऊ झाले. राहिला शेवटचा प्रश्न. बाई म्हणाली, "आजोबा, एक ते पाच मोजा."

तो म्हणाला, "लाभ."

"नाही आजोबा, एकपासून."

"लाभ," तो म्हणाला, जरा जोरात.

"एक म्हणा. एक."

"एक म्हणायचं न्हाई," तो म्हणाला, आणि तोंड मिटून बसला.

तुम्ही असता तर त्या बाईच्या हातावर मारलं असतं, जसं माझ्या हातावर मारलं होतं. नवी नवरी होते, पायलीनं ज्वारी मोजायला बसले आणि पहिल्याच मापाला एक म्हटलं. तुम्ही भाकरीच्या पिठाच्या हातानं फटका दिला. "दाणा मोजताना पहिलं माप लाभ. एक म्हणून दरिद्र कशाला बोलावतेस?" त्यालाही लहानपणी तुम्हीच शिकवलं असणार. चाळीस वर्षं मोंढ्यात त्यानं लाखो पोती लाभपासून मोजली. त्याचं चुकलं नव्हतं. सगळं पुसलं गेलं तरी तेवढं जागेवर होतं. मी एक वाक्य बोलले असते तर बाईला कळलं असतं. बाई वाईट नव्हती, तिनं लगेच मार्क दिला असता. दहा झाले असते.

तो माझ्याकडं वळला. म्हणाला, "अगं, सांग की ह्यांना."

अगं म्हणाला, आत्याबाई. सहा महिन्यांपासून मी 'बाई' होते, 'तुम्ही' होते, कधी चोर होते. त्या घडीला त्याला बायको ओळखू आली, कारण त्याला साक्षीला कोणीतरी पाहिजे होतं. मी पिशवीत हात घालून त्याच्या गोळ्या शोधायला लागले. गोळ्या वरच होत्या. बाईनं भोपळा मांडला आणि म्हणाली, "आजी, वाईट वाटून घेऊ नका, होतं असं." लेक आत आला, खाट मिळाली म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सही केली. सही मला येते.

तेव्हापासून रोज म्हणते, फोन करून सांगावं. नंबर भिंतीवर लिहिलाय. फोन उचलते, ठेवते. सांगितलं तर वावर जाईल, नाही सांगितलं तर तो सोमवारी जाईल. पण तो तसाही जायचाच, फक्त किती डोकं गेलंय ते मी खोटं लिहू दिलं. तुम्ही म्हणाला होतात, माझ्याकडून कोणी घेणार नाही. खरं झालं. तिसऱ्या सदऱ्यावर नाव शिवून झालंय, अजून तीन आहेत. तोवर फोन करणार नाही, आणि नंतरही करणार नाही, हे माझं मला माहीत आहे.

हा कागद कुठं टाकायचा नाही, तेव्हा राहिलेलंही लिहिते. परत येताना एसटीत मी पुन्हा 'बाई' झाले होते. लोहा मागं पडल्यावर मला डुलकी लागली. जाग आली तर माझं डोकं त्याच्या खांद्यावर, आणि गचक्यानं आदळू नये म्हणून त्यानं पुढच्या सीटच्या दांडीवर हात आडवा धरलेला. कोणाची बाई समजून धरला होता, काय माहीत. मी डोळे परत मिटून घेतले. अहमदपूर येईपर्यंत जागीच होते.